‘सोय’ कुणाची, हिशेब कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय ऐकायला जरा जड आहे. डिजिटल तंत्रज्ञानावर होणारं संशोधन आणि त्यातून ठरणारं रोजगाराचं, व्यापाराचं सरकारी धोरण. मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलंच, “यात आपल्या बायकांचा काय संबंध?” म्हणून आकड्यांकडे जाण्याआधी मी एका बाईची गोष्ट सांगते.

आमच्या कामाच्या वस्तीतली ही बाई मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून ब्युटी पार्लरचं काम करते. खांद्याला जड बॅग, स्वतःची स्कूटर, आणि घरोघरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग. मुलाला ताप आला म्हणून तिनं लागोपाठ दोन कामं रद्द केली. पुढच्या आठवड्यात कामं येईनाशी झाली आणि मग तिचा आयडी बंद झाला. ती आमच्या केंद्रावर आली तेव्हा म्हणाली, “ताई, नवऱ्याशी भांडता येतं, शेठशी भांडता येतं. इथं भांडायला माणूसच सापडत नाही.”

बऱ्याच खटपटीनंतर आयडी सुरू झाला. तेव्हा मी तिला एक वही दिली आणि आठवडाभर सगळं लिहून ठेवायला सांगितलं. अ‍ॅपवर तिचे कामाचे तास दिसत होते ते फक्त ग्राहकाच्या घरातले. वहीत मात्र प्रवास होता, सोसायटीच्या गेटवर ताटकळणं होतं, ऐनवेळी रद्द झालेलं काम होतं, पेट्रोल होतं आणि कंपनीकडूनच घ्यावं लागणाऱ्या सामानाचा खर्च होता. बाई तीच, आठवडा तोच, पण हिशेब दोन. आता प्रश्न असा आहे की यातला कुठला हिशेब सरकारपर्यंत पोचतो?

धोरण हे आकड्यांवर उभं राहतं आणि आकडे कुणीतरी गोळा केलेले असतात. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासाचं उदाहरण घेऊ. उबर कंपनीच्या दहा लाखांहून जास्त चालकांच्या नोंदी तपासून अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली तो मांडला. लिहिणाऱ्यांपैकी काही जण कंपनीत काम केलेले होते. भाडं ठरवणाऱ्या यंत्राला चालक बाई आहे की पुरुष हे ठाऊक नसतं. तरीही बायकांची तासाची कमाई सुमारे ७ टक्क्यांनी कमी निघाली. कारणं तीन सापडली: बायका कुठं आणि केव्हा गाडी चालवतात, त्यांना या कामाचा अनुभव किती, आणि त्या गाडी किती वेगानं चालवतात. थोडक्यात, भेदभाव यंत्रात नाही, फरक बायकांच्या निवडीत आहे.

हा ‘निवड’ शब्द नीट पाहा. रात्री बारा वाजता दारुड्या गिऱ्हाईकाला गाडीत न घेणं ही बाईची आवड आहे की सावधगिरी? संध्याकाळी सातला घरी पोचणं ही तिची हौस आहे की स्वयंपाकाची सक्ती? संशोधकांचं गणित चुकलं असं मी म्हणत नाही. पण नोंदी ज्याच्या असतात, प्रश्नही बऱ्याचदा त्याच्याच चौकटीतले राहतात. चौकटीबाहेरचं सगळं ‘निवड’ या एका शब्दाखाली झाकलं जातं.

काही वेळा तर अभ्यासच विकत घेतला जातो. याच कंपनीची अंतर्गत कागदपत्रं जुलै २०२२ मध्ये वर्तमानपत्रांनी उघडकीला आणली. फ्रान्स आणि जर्मनीतल्या अर्थतज्ज्ञांना पैसे देऊन अभ्यास करून घेतले गेले आणि ते कंपनीच्या बाजूनं जनमत व धोरण वळवण्यासाठी वापरले गेले, असं त्यातून दिसलं.

आता आपल्या देशाकडे येऊ. जून २०२२ मध्ये नीती आयोगाचा ‘गिग’ आणि प्लॅटफॉर्म कामगारांवरचा अहवाल आला. २०२०-२१ साली असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असं त्यात म्हटलं होतं. हे आकडे मग प्रत्येक भाषणात, प्रत्येक बातमीत फिरले. पण ही शिरगणती नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहण्यांमधून ठरावीक व्यवसाय निवडून काढलेला तो अंदाज होता. बायकांसाठी हे काम सोयीचं, वेळ सांभाळून करता येण्यासारखं, असाही सूर त्यात होता.

‘सोय’ हा दुसरा शब्द. घर सांभाळून करता येतं ते बाईच्या सोयीचं, हे आपण कधीपासून ऐकतोय! विडी वळणं सोयीचं, पापड लाटणं सोयीचं, शिवणकाम सोयीचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही २८९ मिनिटं तशीच ठेवून उरलेल्या वेळात बाईनं कमवायचं, याला सोय म्हणायचं असेल तर ती कुणाची सोय?

कायद्यात याचं काय झालं ते बघा. संसदेनं २०२० मध्ये मंजूर केलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. गिग कामगारांचा उल्लेख असलेला हा केंद्राचा पहिला कायदा, हे मान्य केलंच पाहिजे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची आहे. योजनांच्या यादीत बाळंतपणाचा लाभ आहे, पाळणाघरही आहे. पण व्याख्येतच हा कामगार मालक-नोकर या नेहमीच्या नात्याच्या बाहेरचा ठरवला आहे. म्हणजे बाळंतपणाची भरपगारी रजा हा तिचा हक्क राहत नाही, एखादी योजना निघाली तर मिळणारी मदत होते.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस नियमांचा मसुदा आला. लाभासाठी आधीच्या वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम, अशी अट त्यात होती. वरवर पाहता अट साधी आहे. पण गरोदरपणात डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेल्या, किंवा तान्ह्या मुलाला सोडून बाहेर पडता न येणाऱ्या बाईचे दिवस कसे भरायचे? जिला मदतीची सर्वांत जास्त गरज, तिचेच दिवस कमी पडणार. माझ्या ओळखीच्या त्या बाईची वही अट ठरवणाऱ्यांच्या टेबलावर असती, तर हा प्रश्न तिथंच कुणीतरी विचारला असता.

आपण यात अगदीच कोऱ्या नाही. १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. घरात बसून राबणारी बाईसुद्धा कामगार आहे हे त्यानं सरकारी कागदावर आणलं. आपल्या महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. मालक रोज बदलत असला तरी मंडळाकडे नोंदणी आणि लेव्हीच्या मार्गानं कामगाराला संरक्षण देता येतं हे त्यानं दाखवलं. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी केलेला कायदा याच वाटेनं जातो: मंडळ, नोंदणी आणि व्यवहारामागे शुल्क. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कामावरून काढता येणार नाही, असं आलं आहे. वस्तीतल्या बाईचा बंद झालेला आयडी आठवा!

संशोधनही सगळं एकाच बाजूचं नसतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालणारा ‘फेअरवर्क’ प्रकल्प बंगळूरच्या एका संस्थेबरोबर २०१९ पासून भारतातल्या कंपन्यांना दहापैकी गुण देतो. कामाचा खर्च वजा जाता हातात किमान वेतन राहतं का, हा त्यांचा पहिलाच प्रश्न असतो. म्हणजे आपल्या वहीतलाच प्रश्न. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये गुडगावला अर्बन कंपनीच्या दारात ब्युटीशियन बायका बसल्या, तेव्हा कंपनीला कमिशन कमी करण्यासह काही बदल जाहीर करावे लागले. डिसेंबरात त्या पुन्हा बसल्या तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. रस्त्यावर येण्याची किंमत असते, पण त्याशिवाय हा प्रश्न अभ्यासाचा विषयसुद्धा झाला नसता.

म्हणून यापुढे कुठलाही अहवाल हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. याचे पैसे कुणी दिले? नोंदी कुणाच्या? आणि बाईचा कुठला वेळ यात मोजलेला नाही?

मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा आपण निवेदन देतो, घोषणा देतो. आता त्याला वह्या जोडूया. इथून परत गेल्यावर प्रत्येकीनं आपल्या भागातल्या पाचजणींना गाठावं: पार्लरवाली, डबे पोचवणारी, घरकामासाठी अ‍ॅपवरून जाणारी. एक महिना नोंदी ठेवायच्या. लिहिता येत नसेल तिची नोंद तिच्या मुलीनं किंवा आपण लिहायची. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. भांडायला माणूस सापडत नाही म्हणाली ना ती? तो आपण शोधू. पण हातात हिशेब घेऊन जाऊ.