दुसरी पायरी
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



नांदेडकरांना हॉकी नवीन नाही. श्री गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने येथे अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. आज मी तिच्याच एका भाऊबंदाविषयी, बर्फावरच्या हॉकीविषयी बोलणार आहे. पायात पाते बसवलेले बूट, चेंडूऐवजी रबराची चकती आणि एका बाजूला सहा खेळाडू. आपल्या उन्हात हा खेळ दिसणार नाही. पण त्याच्या स्पर्धेची रचना पालकांनी समजून घेण्यासारखी आहे.

वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी होते. सर्वांत वरच्या गटात फक्त 10 देश असतात. त्याखालच्या गटाला नाव आहे ‘पहिला विभाग अ’, पण प्रत्यक्षात ती दुसरी पायरी. तेथे 6 संघ, प्रत्येकाचे 5 सामने. जो पहिला येतो तो पुढच्या वर्षी वर जातो; जो शेवटी राहतो तो खालच्या ‘ब’ गटात उतरतो. म्हणजे ही शिडी आहे. वर जाण्याची वाट आहे, तशी खाली येण्याचीही आहे. आणि खाली आलेल्याला पुन्हा चढता येते.

कझाकस्तानचे उदाहरण घ्या. मुस्लिम बहुसंख्य असलेला हा मध्य आशियातील देश. 1998 साली त्याच्या मुलांनी कॅनडाला 6–3 असे हरवले. आणि त्या कॅनडाने त्याआधी सलग पाच वर्षे सुवर्णपदक जिंकले होते! पुढे 2001 साली हाच कझाक संघ खाली घसरला. डिसेंबर 2017 मध्ये फ्रान्समध्ये दुसऱ्या पायरीवर पहिला येऊन तो पुन्हा वर गेला. 2019 च्या स्पर्धेत गटातले चारही सामने हरला, तरी शेवटी डेन्मार्कला नमवून जागा राखली. 2020 ला परत खाली. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा पहिला, आणि 2025 ला पुन्हा खाली. इतक्या वेळा उतरूनही त्यांनी संघ मोडला नाही की मुलांच्या हातातील काठ्या काढून घेतल्या नाहीत.

आता आपल्या घरात पाहू. लातूर पॅटर्नचे नाव सर्वत्र झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यामुळे आपल्या नजरेला फक्त वरचे दहा दिसू लागले. मुलगा गणितात नापास झाला की अब्बा म्हणतात, “चल, दुकानात बैस.” मुलगी इंग्रजीत राहिली की घरात स्थळे पाहणे सुरू होते. एकदा निकाल लागतो आणि सगळ्या आयुष्याचा निवाडा होतो. हा न्याय नव्हे.

परीक्षा मंडळानेही शिडी ठेवली आहे. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा आहे. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पायऱ्या आहेत, आपण मुलाला शिडीवरून उतरवून घरी नेतो, हे दुखणे आहे.

या खेळात साधी चूक केली तर खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बाकावर बसवतात. शिक्षा भोगली की तो परत मैदानात येतो. आपल्या मुलांच्या शिक्षेलाही शेवट असू द्या.

मुलींच्या पालकांना विशेष सांगतो. 2017 साली बँकॉकला भारताच्या मुलींनी फिलिपाइन्सला 4–3 ने हरवून या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघात लडाखच्या मुली होत्या. त्याआधी त्या हरतच होत्या. पण त्यांना कोणी घरी बसवले नाही, म्हणून तो दिवस उगवला.

विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्या पायरीवर असाल तर लाजू नका. मात्र तेथेच बसूनही राहू नका. आणि पालकांनो, यंदा ज्याचे विषय राहिले आहेत, त्या मुलाला किंवा मुलीला घेऊन एकदा संस्थेच्या कार्यालयात या. फॉर्म भरण्याची मुदत जाण्याआधी या. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.