संघाची गाडी कोण ठरवतं?

आपल्या नगर जिल्ह्यातला कॉलेजचा कबड्डीचा संघ स्पर्धेला निघतो तो एसटीने, रेल्वेच्या स्लीपरने, नाहीतर भाड्याच्या क्रूझरने. शिर्डीजवळ काकडीला 2017 साली विमानतळ सुरू झाला, तरी संघासाठी अख्खं विमान भाड्याने घेणं आपल्या जिमखान्याच्या स्वप्नातही येत नाही. अमेरिकेत मात्र ही नेहमीची गोष्ट आहे.

विचिटा स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 2 ऑक्टोबर 1970 रोजी युटामधल्या लोगनला निघाला. ठरलेलं मोठं विमान वादळी वाऱ्यात नादुरुस्त झालं होतं, म्हणून दोन लहान मार्टिन 404 विमानं आली. मुख्य खेळाडू एकात, राखीव दुसऱ्यात. डेन्व्हरला इंधन भरलं. तिथून पहिल्या विमानाने ठरलेली वाट सोडली. कारण काय? पोरांना डोंगर दाखवायचे! वाटेचे नकाशे डेन्व्हरलाच विकत घेतले. डेन्व्हरहून उडताना विमानात मर्यादेपेक्षा सुमारे 1200 किलो वजन जास्त होतं.

पुढे लव्हलँड खिंड, उंची जवळजवळ 12,000 फूट. दोन्ही बाजूंना कडे, समोर चढत जाणारी दरी. माळशेज घाटात समोरून ट्रक आला तर आपला ड्रायव्हर रिव्हर्स घेतो. विमानाला रिव्हर्स नसतो. वर चढायला ताकद नाही, वळायला जागा नाही. विमान कोसळलं, 40 पैकी 31 जण गेले. राखीव खेळाडूंचं विमान ठरलेल्या वाटेने सुखरूप लोगनला उतरलं.

चौकशीत वेगळाच घोळ निघाला. विमान एका कंपनीचं, वैमानिक दुसरीचे आणि करारावर सही विद्यापीठाची. उड्डाणाला जबाबदार कोण, यावरच वाद. गाडी एकाची, ड्रायव्हर दुसऱ्याचा, बुकिंग तिसऱ्याच्या नावावर. हे आपल्याला काही नवीन नाही.

सहा आठवड्यांनी मार्शल विद्यापीठाच्या संघाचं विमान पडलं, 75 जण गेले. 1977 मध्ये इव्हान्सव्हिल विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ विमान अपघातातच गेला. जमिनीवर उभ्या विमानाची सुकाणं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेल्या खिळी उड्डाणापूर्वी काढल्याच नव्हत्या, शिवाय सामान मागच्या बाजूला जास्त झालं होतं. 29 माणसं! अशा वेळी नशिबाला बोल लावण्याची आपली सवय मला पटत नाही. खिळी हाताने काढायच्या असतात.

विचिटाचे उरलेले खेळाडू तीन आठवड्यांनी अर्कान्साविरुद्ध मैदानात उतरले आणि 62-0 असे हरले. पोरं हिंमतवान होती, यात शंका नाही. पण त्यांना डोंगरात नेणारा निर्णय त्यांचा नव्हता.

इथे बसलेल्या क्रीडा शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी संघ निघताना टीए-डीएच्या कागदाबरोबर गाडीचं फिटनेस प्रमाणपत्रही मागा, आसनं आणि पोरं मोजा, आणि रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरला ‘आधी झोप’ असं सांगण्याचा अधिकार कुणाचा, त्याचं नाव लिहून ठेवा.