स्वयंपाकघरातले कपाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या जणींनी माझे नवे कपाट उघडून पाहिले आणि कसे करून घेतले म्हणून विचारले. चिटणीसबाई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगा. म्हणून उभी राहिले आहे.

आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचे दुभत्याचे जाळीचे कपाट होते. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत. वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहून ते पाय कुजले. लोखंडी तयार कपाट आणावे असे घरात सर्वांचे मत. त्याच सुमारास गावाकडचा वाडा उतरवला आणि माजघराचे सागवानी दार भंगारवाला वजनावर न्यायला आला. मी म्हटले, माझी भिशी लागली आहे, दार मला द्या, त्याचे कपाट करते. दीर हसले, पण दार दिले. नवे सागवान आपल्या आवाक्यात कुठे आहे? २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरकडचे सागवान गेले, तेव्हा त्याची थोरवी आपण सगळ्यांनी वाचली. इथे ते भंगारात चालले होते.

फळ्या मात्र मोजून सात. एक वाया गेली तर दुसरी आणायची कुठून? सगळे कपाट त्यात होणार नव्हते. मिस्त्रींनी तोड काढली: पेटी प्लायवूडची, दारे सागवानी आणि पेटीच्या तोंडाला सागवानी चौकट. ही चौकट नुसत्या शोभेची नव्हे. प्लायवूडच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही. बिजागरी सागवानात बसली की दार वर्षानुवर्षे ओघळत नाही. शिवाय प्लायवूडचे थर झाकले जातात आणि पेटी काटकोनात राहते. चौकटीच्या पट्ट्या खिळ्यांनी न ठोकता साल आणि कूस करून जोडल्या. एकीत भोक, दुसरीला जीभ. स्वयंपाकघर आहे, तेव्हा प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का मी स्वतः पाहून घेतला. पाण्याला टिकणारे ते हेच.

आता मापाची गोष्ट. मिस्त्री माप विचारायचे ते आमच्या ‘ह्यां’ना. हे म्हणायचे, घ्या अंदाजाने. भाकरीची परात रोज कोण उचलते? मी टेप घेऊन बसले. पेटी ४ फूट, म्हणजे ४८ इंच. दोन्ही कडांना आणि मध्ये २-२ इंचांच्या पट्ट्या, म्हणजे ६ इंच गेले. उरले ४२, एकेका खणाला २१. आणि माझी परात २२ इंचांची! मिस्त्री म्हणाले, “ताई, मधली पट्टी पाहिजेच, नाहीतर फळी झोल खाईल.” मी परात आणून त्यांच्या पुढ्यात उभी केली. शेवटी असे ठरले की मधली पट्टी वरच्या खणांनाच, खालचा खण सलग ४४ इंचांचा आणि २४ इंच उंच. त्याच्या वरच्या फळीच्या कडेखाली आडवी पट्टी आली, तिने फळी पेलली. ज्वारीचा डबा तसाही सर्वांत खाली. पेटीचे माप घेऊ नका, चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेचे घ्या, एवढे माझे ऐका.

आमची भिंत जुनी, दगडमातीची. ओळंबा सोडला तर वरून खाली अर्धा इंच फरक. म्हणून भिंतीकडची पट्टी अर्धा इंच जास्त रुंद घेतली. पेटी सरळ उभी करून, पेन्सिल भिंतीच्या कलाने फिरवून पट्टीवर रेघ ओढली आणि रेघेपर्यंत तासली. आता फटीत झुरळही शिरत नाही. प्लास्टर करण्याचा खर्च वाचला तो वेगळाच.

दारे चैत्रात झाली. आपल्या सोलापुरात तेव्हा लाकूड वाळून कोळ होते, आणि खरा पाऊस पडतो सप्टेंबरात. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला फुगते. म्हणून दाराच्या मधली फळी सरस न लावता खाचेत सैल बसवली, दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळे सोडून. पॉलिशही बसवण्याआधीच केले; नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की कडेला कोरी रेघ दिसते. गणपतीत आमच्या देवघराचे दार अडून बसले होते, हे कपाट एका बोटाने उघडत होते.

सात फळ्यांतून उरलेल्या तुकड्यांचा पोळपाट झाला. कोणाला आपल्या घरचे माप घ्यायचे असेल त्यांनी दुपारी ३ नंतर यावे. ओळंबा आणि गुण्या मी विकत घेऊन ठेवला आहे. न्यायला हरकत नाही, मात्र मंडळाच्या पातेल्यांसारखा वहीत लिहून न्यावा.