मोटार गेली, ऋण उरलें

हप्ते थकल्यामुळें मोटार जप्त झाली, कीं पुष्कळ गृहस्थ समजतात, 'गाडी गेली, ऋणही फिटलें.' ही समजूत घातक आहे. मोटार हें केवळ तारण. वचन दिलेलें असतें तें संपूर्ण रकमेचें. जन्मभर मुलांना शिकविलेली वजाबाकी येथेंही करून पाहूं. समजा, येणें ५ लाख होतें, विक्रींत ३ लाख २० हजार आले आणि खर्च १५ हजार झाला. तर १ लाख ९५ हजार अद्यापि आपल्या शिरावर आहेत.

तथापि घाबरून मागतील ती रक्कम देऊं नये. विक्रीपूर्वीं पैसे भरण्याची अखेरची संधी दिली होती काय, गाडीची किंमत किती आली, खर्च कोणता धरला, याचा हिशेब लेखी मागावा. दांडगाईनें वसुली करणें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालींच निषिद्ध ठरविलें आहे. बँकेनें तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. तडजोड ठरल्यास ती कागदावर घ्यावी, आणि रक्कम फिटतांच 'येणें बाकी नाहीं' असा दाखला घ्यावा.

लाजेखातर पत्रें न उघडतां ठेवूं नयेत. व्याज त्यांची वाट पाहत नाहीं. घरांतील मंडळींस जवळ बसवून हिशेब मांडावा.