सेवेला प्रतिष्ठा देणारी गुरुमाउली : रमाबाई रानडे

(१२ मे या परिचारिका दिनानिमित्त परिचर्या-शिक्षिकांच्या सत्कारसमारंभात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण दिलेले आढळतात. त्यांतील परिचारकाचे गुण म्हणजे उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. वैद्य हा चौघांत प्रधान खरा. पण परिचारकावाचून चिकित्सा पूर्ण होत नाही, हे आपल्या पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे जाणले होते.

ज्या समाजाच्या शास्त्राने परिचर्येला हे स्थान दिले, त्याच समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी परिचारिका होणे कमीपणाचे मानले जात होते. कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा, मलमूत्र उचलायचे, परपुरुषाची सेवा करायची, रात्री घराबाहेर राहायचे! कुलीन म्हणवणाऱ्या घरांना हे कसे रुचावे? परिणामी आपली माणसे रुग्णालयात जात होती, पण त्यांची शुश्रूषा करण्यास आपल्या घरच्या लेकीसुना पुढे येत नव्हत्या. हे कटू सत्य आहे आणि ते मान्य केल्याविना रमाबाई रानडे यांच्या कार्याचे मोल कळणार नाही.

रमाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातील. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अक्षरओळख झाली ती सासरी, पतीकडून. आणि त्या शिकण्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणीही त्यांना सोसावी लागली. १९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. वैधव्याचे दुःख उराशी कवटाळून त्या घरात बसल्या असत्या, तर तत्कालीन समाजाने त्यांना दोष दिला नसता. पण त्या दुःखाचे त्यांनी सेवेत रूपांतर केले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखे कर्तबगार सहकारी त्यांना लाभले. १९११ साली सेवासदनाने परिचर्या-शिक्षणाचे काम हाती घेतले आणि विद्यार्थिनी ससून रुग्णालयात प्रशिक्षण घेऊ लागल्या. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक आणि परिचर्या शिकणाऱ्या मुलींसाठी एक, अशी वसतिगृहे सेवासदनाने चालवली.

वस्तुतः रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. जखम कशी बांधावी, हे शिकवणारे रुग्णालयात होते. रमाबाईंनी दिले ते निराळेच. त्यांनी आपल्या नावाची पत या मुलींच्या पाठीशी उभी केली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी ज्या संस्थेच्या धुरा वाहतात, तेथे आपली विधवा लेक पाठवण्यास हरकत नाही, एवढा विश्वास घराघरांत निर्माण होणे, हीच या शिक्षणाची पहिली पायरी होती.

एका पारितोषिक समारंभातील प्रसंग सर्वज्ञात आहे. सेवासदनाची एक तरुण विधवा विद्यार्थिनी, केशवपन केलेल्या मस्तकावर पदर घेतलेली, पारितोषिक स्वीकारण्यास व्यासपीठावर आली. तिला पाहताच सभागृहातील विद्यार्थ्यांनी टवाळी आरंभिली. रमाबाई शांत राहिल्या. समारोपाला मात्र त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या तरुणांना खडसावून विचारले की, दुष्ट रूढीने आणि दैवाने गांजलेल्या आपल्या भगिनीविषयी सहानुभूती वाटण्याऐवजी जे तिची चेष्टा करतात, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे? सभागृह निःशब्द झाले.

थोर शिक्षिकेची कसोटी येथे लागते. विद्यार्थिनीचा अपमान हा तिला स्वतःचा अपमान वाटला पाहिजे. आणि रमाबाईंचा अधिकार केवळ वाणीचा नव्हता. त्या स्वतः रुग्णालयांत जाऊन रुग्णांना फळे, फुले, पुस्तके देत. कारागृहातील स्त्रियांना भेटत. उतारवयातही आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह त्या आळंदीला सेवेसाठी जात. आधी स्वतः वाकायचे आणि मग इतरांना सांगायचे, हीच त्यांची शिकवण्याची रीत.

आज ज्या पाठ्यनिर्देशिका भगिनींचा येथे सत्कार होत आहे, त्या याच परंपरेच्या वारसदार आहेत. औषधाची मात्रा, इंजेक्शनची पद्धत, रुग्णाची कूस वेळेवर पालटणे, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे, हे पुस्तकात असते. पण विद्यार्थिनी पहिला मृत्यू पाहते आणि तिचे हात थरथरतात, तेव्हा पुस्तक कामास येत नाही. तेथे पाठीवर शिक्षिकेचाच हात लागतो. नातेवाइकाने विनाकारण अपशब्द वापरले, तर पुढे होऊन विद्यार्थिनीची बाजू घेणारी शिक्षिकाच असते. नव्याने रुजू झालेल्या सहकारी परिचारिकेची चूक चारचौघांत न उगाळता तिला बाजूला घेऊन समजावणारीही तीच.

आणि आपण नागरिक? २२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांचे आभार मानले. ते मनापासूनचे होते. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी परिचारिकांना भाड्याचे घर सोडण्यास सांगण्यात आले. आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाला वटहुकूम काढावा लागला. रमाबाईंनी ज्यांना खडसावले, ते सभागृह अजून पुरते रिकामे झालेले नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटणाऱ्या घरात, तिने परिचारिका होण्याची इच्छा सांगितली तर काय घडते? सुनेच्या स्थळाची माहिती घेताना 'नर्स' हा शब्द ऐकून कपाळाला आठी पडते की नाही? ज्याने त्याने आपल्या घरी याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. शासन १९७३ पासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. शासनाने आपले काम केले. अंगणातले काम समाजाचे आहे.

१९६२ साली रमाबाईंचे टपाल तिकीट निघाले. २०२४ मध्ये त्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. तिकिटे जपून ठेवली जातात, शताब्दी साजरी होते. पण त्यांचे खरे स्मारक रात्रपाळीला दिव्याच्या मंद उजेडात रुग्णाची नाडी पाहणाऱ्या मुलीच्या रूपाने उभे आहे. तिच्यामागे कोणीतरी शिक्षिका उभी आहे. त्या शिक्षिकेच्या मागे समाजाने उभे राहावे, एवढेच आजच्या सत्काराचे मागणे आहे.