घडणावळीचा हिशेब

श्रोतेहो, जुनी चांदी घेऊन सोनाराकडे गेलं की तो आधी ती काट्यावर ठेवतो. मग घट वजा करतो आणि उरलेल्या वजनाचा भाव सांगतो. भांड्याचा गळा किती नाजूक आहे, त्यावरची वेलबुट्टी कुणी किती दिवस बसून काढली, याला मोडीच्या हिशेबात जागा नसते. वस्तू घेताना आपण घडणावळ देतो, मोडताना ती कुणी परत देत नाही. यात सोनाराचा दोष नाही, त्याचा व्यवहार धातूचा आहे. पण धातूखेरीज वस्तूत आणखी काय असतं, हे आपण तरी पाहायला हवं. म्हणून आज एका काचेच्या कलशाची गोष्ट सांगतो. फुटक्या काचेला तर मोडीतही भाव नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘पोर्टलंड व्हास’ नावाचा रोमन कलश आहे. वय सुमारे दोन हजार वर्षं, उंची एका वितीहून किंचित जास्त. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवलेला आणि तो थर कोरत कोरत माणसांच्या आकृत्या काढलेल्या. थर जिथे पातळ ठेवला, तिथे खालचा निळा रंग सावलीसारखा झिरपतो. छिन्नी जराशी चुकली असती, तर सगळं काम वाया गेलं असतं. त्या कारागिराचं नाव कुणाला ठाऊक नाही. कलशाला नाव मिळालं, ते मालकांचं!

जोसाया वेजवूड या इंग्रज कुंभाराने १७८६ मध्ये हा कलश उसना घेतला. तो नुसता कुंभार नव्हता, मोठा कारखानदार होता. तरी या एका वस्तूची नक्कल साधायला त्याला जवळजवळ चार वर्षं लागली. नक्कल काचेची नव्हती, खास प्रकारच्या मातीची होती. ती हुबेहूब उतरल्याचा निर्वाळा जोशुआ रेनॉल्ड्स या नामवंत चित्रकाराने दिला. नक्कल करणाऱ्याला आपण हलका समजतो. पण चार वर्षं एका वस्तूपुढे बसून राहणं, याला मी तरी विद्यार्थीपण म्हणेन.

७ फेब्रुवारी १८४५ रोजी दारूच्या नशेतल्या एका तरुणाने म्युझियममधला एक शिल्पाचा तुकडा उचलून या कलशावर फेकला. कलशाचे दोनशेच्या आसपास तुकडे झाले. पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. ज्या कायद्याखाली खटला चालवायचा, तो पाच पौंडांपर्यंतच्या नुकसानीपुरता होता. कलश अमोल, म्हणून तो त्या कायद्यात बसेना! अखेर तरुणाला शिक्षा झाली ती कलशावरची काचेची पेटी फोडल्याबद्दल : तीन पौंड दंड किंवा दोन महिने सक्तमजुरी. पेटीची किंमत करता आली, कलशाची नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कलावस्तूंच्या रक्षणासाठी नवा कायदा झाला.

जॉन डबलडे या कारागिराने ते तुकडे जोडून कलश पुन्हा उभा केला. पण ३७ बारीक कपच्या उरल्या, त्यांची जागा काही सापडेना. एक शतक उलटून गेलं. १९४८ मध्ये त्या कपच्या म्युझियमच्या हाती परत आल्या. पुढे १९८८-८९ मध्ये नायजेल विल्यम्स आणि सँड्रा स्मिथ यांनी अख्खा कलश पुन्हा सुटा केला, नव्या गोंदाने जोडला आणि बहुतेक सगळ्या कपच्या आपापल्या जागी बसवल्या. त्या कपच्या कचरा म्हणून कुणी झाडून टाकल्या असत्या तर?

हा कलश ज्यांच्याकडून इंग्लंडमध्ये आला, त्या विल्यम हॅमिल्टन यांच्याकडे आणखी एक प्राचीन पात्र होतं. ते संगमरवराचं, १७७१ च्या सुमारास रोमजवळ तिवोलीला तुकड्यांच्या रूपात सापडलेलं. आज त्याला ‘वॉरिक व्हास’ म्हणतात. पिरानेसी या चित्रकाराने त्याची चित्रं छापली आणि चित्रांमुळे तो आकार दूरवर पोचला. पॉल स्टोरसारख्या लंडनच्या कारागिरांनी तो चांदीत घडवला. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्याला मिळतो तो करंडक याच पात्रावरून बेतलेला आहे. दगड ग्लासगोच्या संग्रहालयात राहिला, आकार मात्र जगभर हिंडतो आहे.

असे आकार आपल्याकडेही आले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात कच्ची काच आहे आणि राजासाठी आणलेली चांदीची मौल्यवान भांडीही आहेत. पैठण आणि तेर या आपल्या गावांचा उल्लेखही त्याच पुस्तकात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आणि रोमन घडणीची सुरई होती.

‘सुरई’ हा शब्दही बाहेरूनच आला, अरबी-फारसीच्या वाटेने. गुलाबदाणी आणि अत्तरदाणी यांतली ‘दाणी’ फारसी आहे. पण हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ती ठेवताना ती परकी आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. मी गझल लिहितो, तीही अशीच आलेली सुरई. आत पाणी आपल्या विहिरीचं असलं की भांडं आपलं होतं.

श्रोतेहो, चांदी विकावी लागते. घरात आजारपण असतं, मुलांची फी असते. विकू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण भांडं मोडीत देण्याआधी एवढं करा. ते कुठून आलं, कुणी घडवलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. चारी बाजूंनी फोटो काढा. नुसता पोचा पडला असेल, कान निखळला असेल, तर आधी एखाद्या कारागिराला दाखवा. तुटलेला तुकडा जपून ठेवा. चांदी पुन्हा मिळेल. पण आकार कुणी पाहिला-लिहिला नसेल, तर तो वितळला की कायमचा गेला.