मागच्या भिंतीपाशी रचलेले दगड
(सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या चाळीच्या आवारातले काळे घडीव दगड डेब्रिजच्या गाडीत घालून सगळीकडे काँक्रीट करावे, असा ठराव आलाय. मत देण्याआधी थोडं ऐका.

हा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच. गडांच्या पायऱ्या याच दगडाच्या; शेकडो पावसाळे झेलून आहेत.

बसवायचा कसा? खाली दाबलेली खडी, वर दीड-दोन इंच वाळू, त्यात दगड ठोकून बसवायचा. सांध्यांतही वाळूच, सिमेंट नको. म्हणजे बरंचसं पाणी जमिनीत मुरतं. पाइप फुटला तर तेवढेच दगड काढून पुन्हा लावता येतात. काँक्रीट फोडावं लागतं, त्याचं ठिगळ कायम दिसतं. कडा मात्र पक्क्या बांधायच्या, नाहीतर गाड्यांच्या वजनाने ओळी सरकतात.

झिजलेला दगड पावसात निसरडा होतो, ही शंका रास्त आहे. झिजलेली बाजू खाली घालावी किंवा पाथरवटाकडून टाकी मारून घ्यावी. काठी, व्हीलचेअरवाल्यांसाठी गेटपासून लिफ्टपर्यंत चार फुटांची सपाट, खरबरीत फरशी हवीच. ती नसेल तर माझंही मत विरोधात धरा.

दगड सगळ्या आवाराला पुरणार नाहीत. गाडीची वाट आणि बागेची कड, एवढंच करू.

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून सांगतो: घसारा न लागणारी मालमत्ता क्वचित मिळते. हातात आहे ती भाडं भरून फेकू नका.